मेंदूचा देठ आणि साखरेचं पोतं

सगळ्यात आधी दवाखान्यातल्या सिस्टरांचे आभार मानतो, मग काय घडलं ते सांगतो. त्या नसत्या तर मुकादमानं मला कामाला लागून महिना व्हायच्या आत बालाघाटाकडं, माझ्या गावाला जाणाऱ्या एसटीत बसवलं असतं.

सातवीतून शाळा सोडलेला मी अठरा भरल्यावर दौंडजवळच्या एका साखरेच्या गोदामावर हमालीला लागलो होतो. क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायचं, मानेला टेकवायचं, थप्पीला लावायचं. गावाकडं आई आणि दोन बहिणी; त्यांची चूल याच कामावर. एक दिवस सिस्टर आम्हाला प्रथमोपचार शिकवायला आल्या. मानेच्या वर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं आत मेंदूचा देठ असतो. श्वासाची लय तोच ठरवतो. तिथं जबर मार बसला, तर श्वास बंद."

बाकीच्यांनी तंबाखू मळली. मी हादरलो. त्याच देठावर मी दिवसभर साखर ठेवत होतो!

दुसऱ्या दिवशी मी पोतं पोटाशी कवटाळून, दिवस भरलेल्या बाईसारखा मागं झुकून चालू लागलो. मुकादम ओरडला, "आरं, साखर हाय ती, बायको न्हाई तुझी!"

देठावर भरवसा नको म्हणून श्वासही मीच घ्यायला लागलो. मोजून आत, मोजून बाहेर. कमी पडायला नको म्हणून जरा जास्तच. दुपारपर्यंत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोळ्यांपुढं अंधारी. थप्पीपाशी बसकण मारली.

"ह्याला उद्या गावाला धाडतो," असं म्हणत मुकादमानं मला दवाखान्यात आणलं.

सिस्टरांनी सगळं ऐकलं. मी जरा सावरल्यावर म्हणाल्या, "आता नाक-तोंड दाबून धर. श्वास घ्यायचाच नाही."

धरलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, पाय आपटले आणि भस्सकन हवा आत गेली.

"कुणी घेतला श्वास?"

"म्या न्हाई, सिस्टर!"

"रक्तात नको ती हवा साठली की देठ तुला विचारत बसत नाही. तू झोपलास तरी तो जागा. आणि ती हवाही थोडी लागतेच; तू ती उगा जास्त फुंकून टाकलीस, म्हणून मुंग्या आल्या."

"आन् पोतं?"

"देठ कवटीच्या आत, पोतं बाहेर. मानेचं हाड झिजेल, पण ते वेगळं."

एवढा दिलासा मला पुरेसा होता. दारातल्या मुकादमाला त्या म्हणाल्या, "मामा, पोराला धाडू नका. शिकवण्यात मीच घोळ घातला."

घोळ माझ्या डोक्यातला होता. त्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला.

मुकादम म्हणाला, "उद्या पोतं पाठीवर दिसलं, तर ठेवतो."

दिसलं. राहिलो. एसटीत बसल्यावर कधीतरी अजून श्वास मोजायला लागतो, पण खिडकीबाहेर काही दिसलं की विसरतो.

सिस्टर आता निवृत्त होऊन शिरूरला असतात म्हणे. एक दिवस शोधून काढीन त्यांना आणि आमच्या गावी घेऊन जाईन. आईच्या हातचं खाऊ घालीन. चार दिवस त्यांनी कुणाच्या नाडीला हात लावायचा नाही.