ऐकत नाही

आज देवपूजा होता होता धाकट्या भाऊजींचं पितळ उघडं पडलं.

भाऊजी मागच्या खोलीत कुत्री पाळतात, पिल्लं विकतात. जातीच्या नियमात न बसणारा रंग ही त्यांची खासियत. "नियमातलं कुत्रं काय, कुणाकडेही मिळतं, वहिनी," असं मिशीत हसत सांगतात. राखाडी ठिपक्यांच्या दोघांची जोडी लावू नका, पिल्लांत खोट येते, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. यांनी नेमकी तीच लावली. बाकीची पिल्लं ठिपक्यांची झाली, एक पांढरीशुभ्र. मीच म्हणाले होते, "देवानं दुधात बुडवून पाठवलीय हो!"

पांढरी हाकेला येत नसे. "लाडोबा झालीय, ऐकतच नाही," म्हणत भाऊजी वर्तमानपत्राच्या सुरळीनं तिला फटके द्यायचे.

आज मागचं दार उघडं होतं. मी देवापुढे घंटा वाजवली तशी पिल्लं दचकून एकमेकांच्या अंगावर पडली. पांढरी मात्र गाढ झोपेत. तिच्या डोक्याशी जाऊन मी पुन्हा वाजवली. कानसुद्धा हलला नाही. वर बघते तर भाऊजी दारात उभे, हातात सुरळी.

"आणि मी हिला मारत होतो, वहिनी," एवढंच बोलले.

संध्याकाळी तिला न्यायला एक बाई आल्या. बघताक्षणी विरघळल्याच. भाऊजींनी कसंबसं तोंड उघडलं, "ही ऐकत नाही हं."

"आमचे हे तरी कुठे ऐकतात? सांभाळतेच आहे ना!"

भाऊजीही हसले. खोटं बोलले नव्हते, खरं सांगितलंही नव्हतं. बाई पिल्लू घेऊन दारापाशी पोचल्या तरी मी गप्पच. रोज देवापुढे हात जोडणारी मी!

"थांबा," भाऊजींचा आवाज चिरकला. "ऐकत नाही म्हणजे, तिला ऐकूच येत नाही. जोडी मी लावली. चूक माझी."

बाईंनी पिल्लू हळूच खाली ठेवलं. "यांना विचारून कळवते," म्हणाल्या आणि गेल्या.

भाऊजींनी लांबून फरशीवर पाय आपटला. हादरा जाणवून पांढरी वळली आणि शेपूट हलवत धावत निघाली. बाकावरची सुरळी फेकून द्यावी म्हणून त्यांनी उचलली मात्र, पांढरी अर्ध्या वाटेत थांबली आणि पोट जमिनीला टेकवून थरथरू लागली.

डोळे तिचे चांगले आहेत.