दुसऱ्या शनीची बातमी

माझं ठरलेलं लग्न मोडलं नाही, ते दुकानाच्या मालकीणबाईंमुळं. मी त्यांना मावशी म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण घाबरलो की मी सगळं उलटसुलट सांगतो आणि मुख्य तेच राहून जातं.

मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सोडलेला. शिंगणापुरात मावशींच्या दुकानात शनिदेवाला वाहायचं तेल आणि रुईच्या माळा विकतो. घरी आईनं मुलगी पाहून ठेवली होती. पण मला साडेसाती चालू होती. ती सुटली की लग्न, असं ठरलं होतं आणि मुलीकडचेही थांबले होते.

तेवढ्यात मोबाईलवर ती बातमी आली. शनीच्या मागं लपलेला दुसरा शनी सापडला म्हणे. कोट घातलेला एक माणूस कडीवाल्या दोन ग्रहांचं चित्र दाखवून सांगत होता, की आता प्रत्येकाची साडेसाती दुप्पट.

शनिवारी गिऱ्हाईकं दोन-दोन बाटल्या मागायला लागली. एक नेहमीची, एक नव्यासाठी. नव्याची ओतायची कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण चौथऱ्यावर शिळा एकच. मावशी सगळ्यांना एकच बाटली देत होत्या. वर म्हणायच्या, "आधी एकाचं तर नीट करा."

मला मात्र हसू येईना. दुपारी आईचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आणखी इतकी वर्षं परक्याच्या पोरीला कसं थांबवायचं, उद्या जाऊन त्यांना मोकळं करते, असं ती रडत सांगत होती. मी मावशींना उलटसुलट काहीतरी सांगितलं. मावशींनी तेलकट हात पुसले आणि फोन माझ्याकडून घेतला.

"ताई, मी शनिदेवाच्या गावची हाय. आमच्या घरांना दारं न्हाईत. गावात नवा भाडेकरू आला तरी दिवस मावळायच्या आत समद्यांना कळतंय. नवा शनी आला असता, तर पयलं आमाला कळलं नसतं व्हय?"

मग दोघी बराच वेळ बोलल्या. धान कसं आहे, इकडं पाणी किती, मी जेवतो का नीट. फोन माझ्याकडं आला तेव्हा आई विचारत होती, मावशींना कुठला तांदूळ आवडतो. मुलीकडं ती गेलीच नाही.

पुढच्या आठवड्यात बातमी खोटी निघाली. चित्र कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलं होतं. मी ते आईला पाठवलं, तर तिनं उघडूनही पाहिलं नाही. मावशींनी सांगितलं होतं, तिला तेवढं पुरे होतं.

साडेसाती सुटली आणि लग्न झालं. बायको आता इथंच असते आणि माळा माझ्यापेक्षा भराभर ओवते. मला अजूनही प्रत्येक बातमीची धास्ती वाटते, पण आता विचारायला दोघी आहेत.

मावशींची लेक कोल्हारला दिली आहे. शनिवारचं दुकान सोडवत नाही, म्हणून मावशी तिच्याकडं कधी निवांत राहिलेल्या नाहीत. शनी अमावस्येची गर्दी आम्ही दोघं सांभाळायला शिकलो, की मी स्वतः त्यांना कोल्हारच्या गाडीत बसवून देणार आहे. म्हणणार आहे, मावशी, लेक पाठवील तेव्हाच या.