काकांच्या गाऱ्हाण्यातली खरखर

आवाजाच्या बाबतीत मी भयंकर चोखंदळ माणूस आहे. देवबागातल्या आमच्या घरी कुणी मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर गाणं लावलं की मी सरळ उठून बाहेर जातो. काकी म्हणते, "इलो मोठो कानवालो!" म्हणू दे.

म्हणूनच काकांनी ती जुनी कॅसेट माझ्या हाती दिली. दरवर्षी अंगणातल्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचं. एक वाक्य काकांचं, त्यावर जमलेल्या सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" यंदा घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, घोगरा श्वास तेवढा उरला. काकी म्हणाली, गाऱ्हाणं घालायला शेजारच्यांना सांगू. काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी मोबाइलवर टाइप करून माझ्या नाकासमोर धरलं: "माझोच आवाज व्हयो." कॅसेटवर त्यांचं गाऱ्हाणं होतं खरं, पण खरखर अशी, की कुणी शेजारी बांगडे तळतंय.

आधी टेपरेकॉर्डरचं टोनचं बटण फिरवून पाहिलं. हा अ‍ॅनालॉग फिल्टर बिचारा साधाभोळा, वरचे सूर सरसकट दाबणारा. खरखर कमी झाली, पण काका गोधडीत तोंड घालून देवाशी बोलतायत असं वाटायला लागलं. मग कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. तिथला डिजिटल फिल्टर हुशार. त्याला आवाजाची पातळी ठरवून द्यायची. तिच्याहून बारीक काही आलं की तो ते पार गप्प करतो. दिली पातळी. हेडफोन लावून ऐकतो तर काकांचा आवाज खणखणीत, आणि दोन वाक्यांच्या मध्ये शांतता. अहाहा, काय ती शांतता! मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

ठरल्या दिवशी शेजारीपाजारी जमले. मी माझा मोठा स्पीकर अंगणात मांडला. काका गरजले, "केलेली सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!" आणि पुढे काहीच नाही. उत्तर कॅसेटमधूनच येणार म्हणून आम्ही सगळे गप्प. कॅसेटमधली माणसं माइकपासून लांब उभी होती, त्यांचं "व्हय म्हाराजा" खरखरीइतकंच बारीक. माझ्या हुशार फिल्टरने खरखरीबरोबर अख्खी वाडी उडवली होती.

"मेल्या, माणसां खंय गेली?" काकी कडाडली. "व्हय म्हणूक कोण नाय, तर देव आयकतलो कसो?"

काकांकडे बघायची हिंमत होईना. स्पीकरमधले काका मात्र थांबायला तयार नव्हते: "ज्या कोणाक दुखणां-बाणां आसात, ता दूर कर रे म्हाराजा!"

पुन्हा शांतता. आणि माझ्या बाजूने एक आवाज आला, इतका बारीक की माझ्या फिल्टरने तो नक्की कापला असता.

"व्हय म्हाराजा."

काका हात जोडून, डोळे मिटून उभे होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्या माणसाला "व्हय" म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

मग अंगणातले सगळे एकदम ओरडले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने काकी.