गळका गीझर आणि दोन तज्ज्ञ

बाबा मला न्यायला सिंगापूरला आले आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हातपाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले, ते बाहेर येईचनात. गीझरच्या खालच्या बारीक नळीतून थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि गळतं पाणी दिसलं की बाबांना दुसरं काही दिसत नसे. पुण्याच्या पाणीपुरवठा खात्यात त्यांची उभी हयात गळत्या बंद करण्यात गेली होती. बाहेर मी चहा घेऊन ताटकळत उभी, सातवा महिना, पाय सुजलेले. आतून आवाज आला, "अगं, हे असं किती दिवस चाललंय?" माझी चौकशी चहा निवल्यावर झाली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बुकित बातोकला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहत होतो. हे मरीन इंजिनिअर. लग्न झाल्यापासूनचा निम्मा संसार मी एकटीनं केला होता, उरलेल्या निम्म्यात हे पुढच्या बोटीची वाट बघत घरात येरझारा घालत. या वेळी मात्र शब्द दिला होता. बाळ होईपर्यंत बोट नाही, शिपयार्डातली नोकरी, रोज संध्याकाळी घरी. त्या एका शब्दाच्या जोरावर मी बाबांना फोनवर ठणकावून सांगितलं होतं की मी माहेरी येणार नाही, बाळंतपण इथेच, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्याला दुसरा पर्यायच नसे. माझी आई नव्हती, पण आत्या होती, आणि आत्यानं म्हणे बाळंतिणीच्या शेकाची शेगडीसुद्धा माळ्यावरून काढून ठेवली होती. फोनवर मी ऐकत नाही म्हणून बाबा माझं तिकीट खिशात घालून स्वतःच आले. थोडे दिवस गेले की मला विमानात घेणार नव्हते, त्यामुळे त्यांना घाई.

आणि घाईत असलेल्या माणसाला गळका गीझर आयताच सापडला.

"बाळंतिणीला सकाळ-संध्याकाळ कढत पाणी लागतं," जेवताना बाबा मला म्हणाले. जावई समोरच बसले होते. "जावईबापूंना विचार, बोटीवरसुद्धा असंच गळतं का?"

"तुझ्या बाबांना सांग," हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "ती नळी त्यासाठीच असते. टाकीतला दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि थोडं पाणी सोडून देतो. व्हॉल्व्ह ठीक आहे. दाब का वाढतोय ते बघावं लागेल."

"मग बघा की!" मी म्हटलं. दोघांनीही आमटी मागितली.

ते बघणं काही होईना. शिपयार्डातून दाब मोजायचं मीटर आणतो, असं हे रोज म्हणत आणि रोज विसरून येत. खिशातला पेजर मात्र कधी विसरत नसत. तो वाजला की खाली सार्वजनिक फोनवर जात. घरात फोन असताना खाली कशाला, असं मी एकदा विचारलं, तर "यार्डाचं काम आहे" म्हणाले. मी मूर्खासारखं ते खरं मानलं.

एका सकाळी मी पोळ्या करायला घेतल्या तर लाटण्याची एक मूठ गायब. करवतीनं कापलेली. चांगलं शिसवी लाटणं, लग्नात आलेलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "दुसरं आणू. पण बघ, गळायचं थांबलं की नाही?" त्यांनी त्या मुठीची खुंटी तासली, तिला आपल्या पंच्याची चिंधी गुंडाळली आणि गीझरच्या नळीत ठोकून बसवली. खात्यात गळक्या पाइपांना अशाच खुंट्या मारत, आणि त्या वर्षानुवर्षं टिकत, हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. ते पाइप थंड पाण्याचे होते, आणि त्यांच्यामागे तापत ठेवलेली बंद टाकी नव्हती. एवढं साधं त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण गीझर त्यांना लहानपणीच्या तांब्याच्या बंबासारखाच वाटत होता. बंब वरून उघडा असतो. त्याला दाब माहीतच नसतो.

मी गीझर लावला आणि पाणी चांगलं तापल्यावर अंघोळीला बसले. स्टुलावर बसून पायांवर तांब्यानं पाणी घेत होते, तेवढ्यात फाट्कन आवाज झाला. खुंटी माझ्या खांद्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर आपटली आणि मागून कढत पाण्याची चिळकांडी पोटरीवर आली. मी किंचाळले. त्या दिवशी हे घरीच होते. दोघेही धावत आले, दाराशी. "कोणी मारली ही खुंटी? सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीत खुंटी?" "तुम्ही वेळेवर बघितलं असतं तर ठोकावी लागली नसती!" "टाकी फुटली असती, कळतंय का!" "पुण्यात आजवर एकही टाकी फुटलेली नाही!" मी आत भिंतीला धरून उभी, पोटावर हात ठेवून, बाळ हलतंय का ते बघत होते. ते हललं. बाहेर पुणे विरुद्ध मर्चंट नेव्ही चालूच होतं. तू बरी आहेस का, हे विचारायला दोघांपैकी एकालाही सवड नव्हती. त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात तो तांब्या घालावा असं मला वाटलं, आणि आज आठवलं तरी तसंच वाटतं.

त्या दिवसानंतर ह्यांच्या अंगात वारं शिरलं. मीटर आलं, बेसिनच्या नळाला लागलं. गीझर बंद असताना काटा जागचा हलत नव्हता. गीझर लावला की पाणी तापेल तसा काटा चढत जायचा, आणि एका जागी पोचला की नळी गळायला लागायची. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पाण्याचा दोष नाही, दाब घरातच तयार होतोय. मग ह्यांनी नळीचा माग काढला. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली घरमालकाच्या प्लंबरनं थोड्या दिवसांपूर्वी "कॅन, कॅन, नो प्रॉब्लेम" म्हणत पाइप बदलला होता, आणि त्यात एक एकतर्फी व्हॉल्व्ह बसवला होता. तो पाणी आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. पाणी तापलं की फुगतं. पूर्वी तेवढं जास्तीचं पाणी पाइपातून मागे सरकायचं, आता त्याला जागाच उरली नव्हती. ह्यांनी आत हवेची पिशवी असलेली लहानशी टाकी आणून पाइपाला जोडली. फुगलेलं पाणी तिच्यात मावायला लागलं. काटा जरासा वर जाऊन थांबला. नळी कोरडी झाली.

हे बाबांना मुद्दाम हात धरून ती कोरडी नळी दाखवून आले. त्याची काही गरज नव्हती. बाबा खोलीत जाऊन बॅग भरायला लागले, एकट्याची. मला त्यांची दया आली आणि रागही आला. पण मी जिंकले होते. मी राहणार होते.

रविवारी सकाळी ह्यांनी मला बाथरूममध्ये बोलावलं.

"इथे हात ठेव. हा आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह. बंद कर. आता उघड. काही झालं तर आधी बटण बंद, मग हा. कुठला आधी?"

"बटण."

"बरोबर. आता ही सेफ्टी व्हॉल्व्हची कडी. महिन्यातून एकदा उचलायची. नळीतून पाणी यायला हवं. नाही आलं तर गीझर लावायचा नाही. उचल. तू स्वतः उचल."

आवाज शांत, शब्द मोजके, प्रत्येक व्हॉल्व्हवर माझा हात. हा आवाज मी एकदा ऐकला होता. लग्नानंतर मी ह्यांच्याबरोबर बोटीवर गेले होते. एका बंदरात ह्यांच्या जागी येणारा इंजिनिअर चढला, आणि ह्यांनी त्याला इंजिन रूमभर असंच फिरवलं, प्रत्येक व्हॉल्व्हवर त्याचा हात ठेवायला लावत. बोटीवर चार्ज असाच देतात. दुसऱ्या सकाळी आम्ही सामान घेऊन बोटीवरून उतरलो होतो.

मी कडीवरचा हात काढला नाही. "कधी जाताय?"

खिशातल्या पेजरवर ह्यांचा हात गेला, सवयीनं.

"चीफ इंजिनिअरची जागा आहे," हे म्हणाले. "पुन्हा मिळेल न मिळेल. आणि सगळं नीट करून देतोय ना मी?"

मला रडायला आलं नाही. संताप आला. एवढा खटाटोप, ते मीटर, ती टाकी, बाबांना हात धरून नेणं, आणि मी समजत होते की हा माणूस मला ठेवून घेण्यासाठी भांडतोय. तो नुसता बोटीवरून उतरायच्या आधी काम पुरं करत होता.

"बाबा!" मी हाक मारली. "इकडे या."

बाबा आले. ह्यांच्या तोंडाकडे बघून त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांचा हात लगेच वरच्या खिशाकडे गेला, तिकिटाकडे. "मी म्हणतच होतो," त्यांनी सुरुवात केली.

"ते तिकीट राहू द्या खिशात. मी कुठेही येत नाही. तुम्ही राहताय. तुमचा इथे राहायचा पास वाढवून घेऊ. आत्याला कळवा, शेगडी माळ्यावर टाक म्हणून." मग मी ह्यांच्याकडे वळले. "मला नका शिकवू. यांना शिकवा. पहिल्यापासून."

"अगं, पण बाबांना..."

"पहिल्यापासून."

दोघे त्या एवढ्याशा बाथरूममध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ह्यांनी बाबांचा हात धरून व्हॉल्व्हवर ठेवला. "काही झालं तर आधी बटण बंद," हे म्हणाले. "आधी बटण बंद," बाबा म्हणाले. मी दारात उभी राहून पुरतं ऐकलं, कडी उचलून होईपर्यंत. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

मुलगी झाली तेव्हा हे कुठल्याशा समुद्रात होते. हॉस्पिटलातून मी घरी आले, तेव्हा बाबांनी पाणी काढून ठेवलं होतं आणि कोपर बुडवून बुडवून ते बघत होते. थोड्या दिवसांनी बोट बंदराला लागल्यावर ह्यांचा फोन आला. लाइन खरखरत होती, पण पहिला प्रश्न स्वच्छ ऐकू आला.

"गीझर कसा चाललाय?"

मी रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. "चार्ज तुमच्याकडे आहे," मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." आणि मुलीला घेऊन आत गेले.