शिडं शिवणाऱ्या बाबलीचं विमान

मालवणच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या तुळसाबाई आता पंचाहत्तरीच्या आहेत. आपला बाप महायुद्धात विमानं उडवायचा, असं त्या लहानपणापासून सांगत आल्या. बाप, बाबली कुबल, स्वतः एवढंच म्हणे, "सतरा जणांक उडयलंय, एकाक पाडलंय." आणि उठून किनाऱ्याकडे जाई.

यंदा श्रावणात पुण्याहून किशोरी नावाची एक बाई आली. तिचे आजोबा महायुद्धाच्या वेळी शिकाऊ वैमानिकांचे मास्तर होते. त्या प्रशिक्षण तुकडीचा इतिहास ती लिहीत होती. तुकडीतल्या माणसांच्या यादीत मालवणचं एकच नाव होतं.

"बी. कुबल, शिंपी," तिनं वाचलं.

"शिंपी?" तुळसाबाई हसल्या. "चुकलंस बाय. आमच्या घराण्यात होड्यांची शिडां शिवीत."

"म्हणूनच घेतलं असेल त्यांना. त्या विमानांचे पंख कापडाचे होते. लाकडी सांगाड्यावर ताणून शिवत."

कापडाचं विमान? तुळसाबाईंना काही उमजेना. "मगे एकाक पाडलंय, ता काय?"

किशोरीनं कागद चाळले. त्रेचाळीस साली एक विमान कोसळलं. वीस वर्षांचा शिकाऊ गेला. कागदाला ओल लागून त्याचं नाव पुसलं होतं. पंख फाटलेला सापडला. आदल्याच आठवड्यात तो कुबलनं शिवला होता; त्यानं पंख शिवलेल्या अठरा विमानांतलं ते एक. महिन्याभरात कुबलला घरी पाठवलं.

तुळसाबाईंना आठवलं. घरी आल्यावर बापानं सुई कधी धरली नव्हती. स्वतःच्या होडीचं शीडसुद्धा तो दुसऱ्याकडून शिवून घेई. आई त्याला आळशी म्हणे. तुळसाबाईही म्हणाल्या होत्या, एकदा नव्हे, कितीदा.

पंधरा दिवसांनी किशोरीचा फोन आला. चौकशीचा अहवाल मिळाला होता; त्यातही शिकाऊचं नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. पोरानं फार खालून वळण घेतलं आणि विमान झाडावर आदळलं. पंख त्यानंतर फाटला. शिवणीत खोट नव्हती.

"ह्या माझ्या बापाशीक कोणी सांगल्यानी?"

"तसा कागद नाही, आजी. अहवाल आला तेव्हा ते घरी परतले होते."

बत्तीस वर्षं तो तसाच जगला आणि तसाच मेला. हायसं वाटावं की राग यावा, आणि राग तरी कोणाचा, तुळसाबाईंना कळेना. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला बांगड्याऐवजी सुंगटं, सुकी कोळंबी, बांधून दिली.

भाद्रपदात पितृपक्ष लागला, बापाचा म्हाळ आला. सून शर्मिला केळीच्या पानावर वाढत होती. तुळसाबाईंनी शेजारी आणखी एक पान मांडलं.

"ह्या कोणाचा, आये?"

"एका पोराचा. नाव ठाऊक नाय. गाव पण ठाऊक नाय."

"मगे काय म्हणान वाढू?"

"माका तरी खंय कळता?" तुळसाबाई म्हणाल्या. "पण वाढ. भात जरा जास्त घाल. वीस वर्सांचो होतो."