मशीन स्लो की बाई स्लो

गेल्या एप्रिलपर्यंत आमच्या शाळेच्या ऑफिसातला संगणक सुरू होणं हा एक सोहळाच होता. मी सकाळी आले की आधी त्याचं बटण दाबायची. मग पर्स ठेवायची, खिडकी उघडायची, देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावायची, नळाला पाणी कधी येणार यावर मामांशी बोलायची, चहा प्यायची. मामा म्हणजे आमचे शिपाई. टेंभुर्णीकडचे आहेत, सगळी शाळा त्यांना मामाच म्हणते. चहाचा कप विसळून ठेवला की मग पडद्यावर ‘वेलकम’ यायचं. मेल्याला आत्ता मी दिसले.

पहिला तासभर तो जरा तरी माणसात असायचा. ऊन तापलं की त्याचं अंग जड व्हायचं. मी एक नाव टाईप केलं की अक्षरं एकेक करून, लाजत लाजत बाहेर यायची. मराठी टायपिंग चाळीसची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली बाई मी. माझी बोटं ओळ संपवून मोकळी व्हायची आणि अक्षरं अजून अर्ध्या वाटेत असायची. मग मी हात मांडीवर ठेवून वाट बघायची आणि खिडकीबाहेरच्या पालकांना वाटायचं, बाई नुसती बसलीय.

एकदा वैरागहून एक आजीबाई नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या. पडद्यावर गोल फिरत राहिला आणि त्यांची दुपारची यष्टी निघून गेली. त्या म्हणाल्या, “बाई, हातानं लिवून द्या की. त्या डबड्याच्या नादी कशाला लागता?” मला ते शंभर टक्के पटलं होतं, पण आता दाखल्याचं सगळं ऑनलाईन झालंय, हातानं लिहिलेलं कोण धरतं. त्या चिडून हेडसरांच्या केबिनमध्ये गेल्या. तिथं त्यांनी तक्रार केली ती डबड्याची, आणि हेडसरांनी ऐकली ती माझी.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

“बाई, पालकांच्या तक्रारी यायला लागल्यात. तुमचंही वय झालं आता. तुम्ही असं करा, ग्रंथालयात बसा निवांत. इथं मानधनावर एखादी नवीन मुलगी घेऊ. आजकालच्या मुलींचा हात फास्ट असतो.”

ही ‘एखादी’ म्हणजे त्यांच्या साडूची मुलगी. मामांना ते आधीच ठाऊक होतं, म्हणजे मलाही होतं. आणि ग्रंथालय म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. कपाटांना कुलपं, किल्ल्या हेडसरांकडं. मे महिन्यात तिथं पापड उत्तम वाळतील, माणसाचं सांगता येत नाही.

“सर, मी स्लो नाही. मशीन स्लो आहे,” मी म्हणाले.

“मशीनला काय झालंय? चालू तर होतंय की.”

राग आला, पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती वाटली. त्या खुर्चीचा मला लोभ आहे. माझी सगळी नोकरी त्या खिडकीत गेली. मंडईत भाजी घेताना एखादा मिशा आलेला बाप्या वाकून नमस्कार करतो आणि म्हणतो, बाई, माझा दाखला तुम्हीच दिला होता. रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलेली, ती पत्र्याखाली कुलपांकडं बघत काढायची, या विचारानं मला दोन घास गोड लागेनात.

मी हट्टच धरला, तेव्हा मशीनची तपासणी गणिताच्या सरांकडं गेली. शाळेत संगणकातलं कळणारे ते एकटेच, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. ते माझ्या खुर्चीत बसले, बाह्या सारल्या आणि माऊसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश केलं. परत केलं. परत केलं. देवळात शिरताना पोरं घंटा बडवतात तसं चाललं होतं.

“त्यानं काय होतं, सर?”

“मेमरी मोकळी होते.”

“एकदा केलं तर होत नाही का?”

“जास्त केलं की जास्त मोकळी होते.”

मग व्हायरस असेल म्हणून त्यांनी एक अँटिव्हायरस टाकला. आधीचा एक आत होताच, तोही त्यांनीच टाकलेला. एका स्वयंपाकघरात दोन सासवा झाल्या. मी फाईल उघडली की आधी एक तिला तपासणार, मग दुसरी तपासणार, मग दोघी एकमेकींवर संशय घेणार. मशीन होतं त्याहून मठ्ठ झालं. एवढं करून सर केबिनमध्ये गेले आणि सांगून आले, “मशीन ओके आहे. बाईंना सवय नाही.”

ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दुपार होती, शाळा सुटलेली. मी टेबलाखालच्या त्या संगणकाच्या डब्यावर हात आपटला आणि हाताला चटका बसला. भाकरी उलटताना तव्याचा बसतो तसा. घरचा मिक्सर तापून मध्येच बंद पडतो तेव्हा आपण त्याला जरा निवू देतो, खालच्या जाळीत काय अडकलंय ते बघतो. वाटणाऱ्या बाईचं वय झालं, असं कुणी म्हणत नाही.

“मामा, स्क्रू ड्रायव्हर आणा.”

“बाई, हेडसर वरडत्याल की.”

“वरडू द्या. आधी वायर काढा.”

बाजूचं झाकण निघालं आणि आम्ही दोघंही वाकून बघायला लागलो. आत दसरा होता.

आमच्याकडं खंडेनवमीला शाळेची सगळी हत्यारं पुजतात. घंटा, कुदळ, झेरॉक्स आणि संगणक. पहिला मान हेडसरांचा. ते डोळे मिटून मंत्र म्हणतात आणि शेत पेरल्यासारख्या अक्षता टाकतात. डब्याच्या बाजूची जाळी तुटलेली, त्यामुळं वर्षानुवर्षांची ती भक्ती थेट आत पोचली होती. तांदूळ, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीची राख, हळद, एक आपट्याचं पान. हाराचा दोरा आतल्या पंख्याला गुंडाळलेला आणि त्या सगळ्यावर बोटभर धूळ. दरवर्षी पूजा केली, पुसलं एकदाही नाही. ताट धरून शेजारी मीच उभी असायची, तेव्हा त्या पुण्यात माझाही वाटा आहेच.

मामांनी तोंडानं फुंकर मारली आणि हळद उडून त्यांचं तोंड नवरदेवासारखं पिवळं झालं.

“बाई, देवाचं हाय ह्ये. फेकायचं कुटं?”

“झाडाखाली ठेवा.”

चित्रकलेच्या खोलीतला ब्रश आणून मी धूळ झाडली, कात्रीनं दोरा कापला. बोटानं ढकलला तर पंखा गरकन फिरला. पंखा अडलेला म्हणून डबा तापायचा, आणि जळून जाऊ नये म्हणून बिचारा हळू चालायचा. एप्रिलच्या दुपारी आम्ही सोलापूरकर तेच करतो की. झाकण लावलं, मशीन सुरू केलं, आणि दोन सासवांपैकी एकीला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी माझी बोटं आणि पडद्यावरची अक्षरं बरोबरीनं चालली. शाळा सुटायच्या आत खिडकीत एक माणूस उरला नाही. हेडसर येऊन माझ्या मागं उभे राहिले.

“वा, मशीन लई फास्ट झालंय की.”

मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं.

“आता एवढं सोपं झालंय तर हे काम कुणीही करेल. ग्रंथालयाचं सोमवारपासून धरू मग.”

म्हणजे मशीन स्लो होतं तेव्हा बाई स्लो होती, आणि मशीन फास्ट झालं तर बाई नकोच. मला वाटलं होतं मी भांडेन. पण आवाज शांत निघाला.

“जाते की, सर. लेखी द्या.”

आमचे हेडसर तोंडानं डोंगर हलवतील, सही म्हटलं की त्यांचा हात आखडतो. लेखी द्यायचं तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की संस्था विचारते, बाईंच्या जागी कोण. आणि त्याच्या उत्तरात साडू येतो.

“बघू, बघू,” म्हणत ते दारापर्यंत गेले. तिथं थांबले, मागं वळले आणि आवाज बारीक केला. “बाई, माझ्या केबिनमधलंही फार हँग होतंय. जरा उघडून बघता का?”

“बघते की. पण तेही लेखी द्या. हे काम बाईंना येतं म्हणून त्यांच्याकडं दिलं, एवढं एकच वाक्य लिहा.”

ते केबिनकडं चालू लागले.

तो सोमवार येऊन गेला, पावसाळाही गेला. दोन्हींपैकी एकही कागद माझ्यापर्यंत आलेला नाही. मी माझ्या खुर्चीत आहे. आणि ‘बाईंना येतं’ एवढं लिहायला नको म्हणून हेडसर अजून त्या तापलेल्या डब्यापुढं घाम पुसत बसतात.