खरं गाऱ्हाणं

आमच्या चित्रपटातला राजा देवांना अटक करायचा. लोक तक्रार घेऊन आधी देवाकडे जातात, दरबारात येत नाहीत, हा त्याचा राग. मग गावकरीच आपापले देव पालखीत घालून तुरुंगात पोचवतात आणि बदल्यात मिळालेल्या साड्या मिरवत घरी येतात. संवाद माझे होते. सत्तेला काय सणसणीत हाणलंय म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

ओढ्यापलीकडच्या पाड्यात तुळशीराम भगत राहतो. गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाच्या वतीने गावदेवीशी बोलायचं, हा मान त्याच्या घराण्याचा. सत्तरीचा, हाडकुळा, जेवलास का विचारल्याशिवाय कुणाला न सोडणारा माणूस. देवीला गावाबाहेर घालवणाऱ्या भगताचं काम आम्ही त्यालाच दिलं. पुढ्यात शेंदूर फासलेला थर्माकोलचा दगड. माझी चार वाक्यं काही त्याच्या तोंडी बसेनात.

"अवधूत, खोटं गाराणं मना येत नाय," तो म्हणाला.

"मग खरं घाला, बाबा. कोणाला कळतंय?"

हे मी म्हणालो. मीच.

कॅमेरा सुरू झाला. तुळशीरामने नारळ फोडला, डोळे मिटले. "आई, ही जागा सोड. आमची राखन आता राजा करील." चहा वाटणारा माणूससुद्धा किटली खाली ठेवून हात जोडून उभा राहिला.

तो तुकडा जाहिरात म्हणून फोनवर फिरला. महिन्याभरात बिल्डर विश्वजीतशेठच्या टॉवरकडे जाणारा रस्ता आखला गेला, नेमका गावदेवीच्या देवळावरून. गावच्या बैठकीत तुळशीराम आडवा आला. शेठ चिडला नाही. राजाचा दरबार कापून त्याने तोच तुकडा पडद्यावर लावला. "भगतांनीच आईला निरोप दिला. आता उरलाय तो नुसता दगड."

"तो शिनेमा हाय," तुळशीराम म्हणाला.

त्याची भावजय शकू उठली. "भावजी, गाराणं खरं व्हतं का खोटं?"

एकदा खोटं बोलला असता तर देऊळ वाचलं असतं. पण तुळशीराम गप्प राहिला, आणि रस्त्याच्या बाजूने एकेक हात वर झाला. साड्या नंतर वाटल्या.

पाडायच्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. जेसीबी वळणावर उभा होता. तुळशीरामने देवीच्या दगडाला कौलाची दोन फुलं लावली होती. उजवं पडलं तर आई आहे, डावं पडलं तर गेली. तासभर झाला, एकही हललं नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना.

"अवधूत, तुमच्या शिनेमात राजाला शेवटी कोन मारतं?"

"देवी," मी म्हणालो.

त्याने फुलांवरची नजर काढली नाही.

"कंची देवी? तिला त मीच घालवली."